भिंतीवरचे अर्धे वाक्य

पाथर्डी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान दिनानिमित्त बोलायला गेले होते. औषध पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा माझ्या संशोधनाचा विषय. बोलायचेही त्यावरच होते. शाळेसमोरच्या एका इमारतीच्या भिंतीवर क्षयरोगाची माहिती रंगवलेली आहे. अशा भिंती नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) गावोगाव दिसतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, तपासणी व उपचार मोफत आहेत, क्षय पूर्ण बरा होतो, आणि सर्वांत खाली, सर्वांत मोठ्या अक्षरांत : औषधे मध्येच बंद करू नका.

व्याख्यान झाल्यावर चहा घेताना विज्ञानाच्या शिक्षकांनी विचारले, "मॅडम, त्या भिंतीवरचं शेवटचं वाक्य बरोबर आहे ना?" मी अर्थातच हो म्हटले. मग त्यांनी जे सांगितले, त्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे.

त्यांच्या वर्गातील एका मुलीचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास आईला क्षय असल्याचे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात कोयता निघाला. (नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे या भागातील वाचकांना सांगायला नको.) तिसऱ्या आठवड्यापासून बाईंच्या पोटात अन्न ठरेना. जेवणावरची वासना उडाली, उलट्या होऊ लागल्या. नवरा म्हणाला, "गोळ्या उष्ण पडतायत, चार दिवस बंद ठेव." मुलगी तेव्हा आईवडिलांना भेटायला कोपीवर गेली होती. तिने शाळेत शिकलेले सांगितले : या गोळ्या मध्येच बंद करायच्या नसतात. आईने लेकीचे ऐकले. दहा-बारा दिवसांनी डोळे पिवळे झाले. मग कोणीतरी काविळीची माळ घालणाऱ्याकडे नेले आणि त्यात आणखी काही दिवस गेले. रुग्णालयात पोचली तेव्हा तिला बोललेले नीट समजत नव्हते. सुदैवाने ती वाचली.

"ते वाक्य मीच फळ्यावर लिहून दिलं होतं," सर म्हणाले.

या प्रसंगात शिकलेली मुलगी चुकली आणि न शिकलेला बाप बरोबर ठरला. 'उष्ण पडतात' हे त्याचे कारण शास्त्रीय नव्हते, पण निर्णय योग्य होता. आपल्या आरोग्यशिक्षणाने असा उलटा परिणाम का घडवावा? म्हणून भिंतीवरच्या त्या एका वाक्याचीच तपासणी करायची आहे.

आधी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण ते उगाच लिहिलेले नाही. क्षयाचा जंतू अतिशय मंद गतीने वाढतो. आतड्यातील ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे अठरा ते वीस तास लागतात. त्यातही काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि वाढणाऱ्या जंतूंवर घाव घालणाऱ्या औषधांचा झोपलेल्यांवर फारसा परिणाम होत नाही. उपचार सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढते, माणसाला आपण बरे झालो असे वाटते. शरीरात मात्र जंतू शिल्लक असतात. अशा वेळी गोळ्या सोडल्या की रोग उलटतो. गोळ्या अनियमित घेतल्या तर औषधांना न जुमानणारे जंतू निवडले जातात. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. तेव्हा 'बंद करू नका' हे बजावणे आवश्यकच आहे. सहा महिने चिकाटीने औषधे घेणाऱ्या लाखो रुग्णांनी हे वाक्य खरे करून दाखवले आहे.

दोष वाक्यात नाही, ते तिथेच संपते यात आहे.

पहिल्या दोन महिन्यांत क्षयाच्या रुग्णाला चार औषधे मिळतात : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्बुटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. हल्ली ही औषधे एकाच गोळीत एकत्र केलेली असतात. यांपैकी पहिली तिन्ही यकृताला इजा करू शकतात. इथाम्बुटॉलचा रोख डोळ्यांकडे असतो, यकृताच्या वाटेला ते सहसा जात नाही.

यकृत म्हटले की आपल्या शालेय पुस्तकांत पित्तरस आणि पचन येते, आणि क्षय येतो रोगांच्या तक्त्यात : कारण, प्रसार, लक्षणे, प्रतिबंध असे रकाने आणि त्यांत एक ओळ. दोघांची गाठ कधी पडत नाही. ती पडायला हवी, कारण आपण गिळलेली जवळजवळ प्रत्येक गोळी आतड्यातून शोषली गेल्यावर आधी यकृताच्या हवाली होते. तेथील विकरे, म्हणजे एन्झाइम, औषधाच्या रेणूला काही जोडतात, काही तोडतात आणि तो लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर टाकता येईल असा करतात. या कामात मधल्या टप्प्यावर काही पदार्थ तयार होतात. नगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना उदाहरण द्यायला सोपे आहे. ऊस निरुपद्रवी, साखर निरुपद्रवी. पण कारखान्याची मळी आणि सांडपाणी ओढ्यात गेले तर काय होते ते त्यांनी पाहिलेले असते.

आयसोनियाझिडची गोष्ट अशीच आहे. यकृतातील एक विकर या रेणूला ॲसिटिल गट चिकटवते. पुढे या रेणूचे तुकडे पडतात आणि ॲसिटिल-हायड्रॅझिन तयार होते. त्याच विकराने त्याला आणखी एक ॲसिटिल गट जोडला तर प्रश्न मिटतो, पदार्थ निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. पण दुसऱ्या जातीच्या विकराने त्याचे ऑक्सिडीकरण केले तर अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. ते यकृताच्या पेशींतील प्रथिनांना चिकटतात आणि पेशी मरू लागतात. ॲसिटिल गट जोडण्याचे काम काही माणसांत जलद होते, काहींत मंद. हा वेग आईवडिलांकडून मिळालेल्या जनुकावर ठरतो. भारतात निम्म्याहून अधिक लोक मंद गटातले आहेत. मंद गटाला धोका थोडा अधिक. पण मंद असलेल्या बहुतेकांना काहीही होत नाही आणि जलद असलेल्या काहींना होते. तेव्हा जनुक पाहून भविष्य वर्तवता येत नाही.

रिफाम्पिसिनचा स्वभाव निराळा आहे. ते यकृतातील अनेक विकरांचे प्रमाण वाढवते. त्यामुळे आयसोनियाझिडपासून घातक पदार्थ बनण्याचा मार्गही रुंदावतो, म्हणून ही दोन औषधे एकत्र दिली असता यकृताला होणारी इजा एकेकट्यापेक्षा जास्त आढळते. (याच कारणाने रिफाम्पिसिन चालू असताना संततिप्रतिबंधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हेही मी कोणत्याच भिंतीवर वाचलेले नाही.)

पायराझिनामाइडच्या बाबतीत मात्रेला फार महत्त्व आहे. १९५० च्या दशकात ते दर किलो वजनामागे रोज ४० ते ५० मिलिग्रॅम देत असत. इतक्या लोकांना कावीळ झाली की औषध बाजूला पडले. पुढे कमी मात्रेत ते परत आले आणि त्याच्यामुळेच नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आणता आला. आज २० ते ३० मिलिग्रॅम ही मर्यादा मानतात. येथे विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. चार औषधांच्या एका गोळीत पायराझिनामाइड ४०० मिलिग्रॅम असते. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ४९ किलो वजनाच्या प्रौढाला रोज तीन गोळ्या, म्हणजे १२०० मिलिग्रॅम. ४९ किलोच्या माणसाला किलोमागे साधारण साडेचोवीस मिलिग्रॅम मिळाले. ३५ किलोच्या माणसाला? चौतीसहून अधिक. वजनाचे गट पाडल्यावर असे होणारच आणि कोट्यवधी लोकांसाठी सोपी पद्धत हवी तर गट पाडावेच लागतात. त्याला माझी हरकत नाही. पण गटातला सर्वांत हडकुळा रुग्ण किलोमागे सर्वांत जास्त औषध घेतो, आणि बहुधा त्याच्याच यकृतात, घातक रेणूंना निकामी करणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा उपासमारीने कमी झालेला असतो. त्यात दारूची भर पडली की धोका आणखी वाढतो. आधीचा यकृताचा आजार, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही, वाढते वय, बाळंतपणानंतरचा काळ, यांत अधिक लक्ष ठेवावे लागते.

हे किती जणांना होते? जगभरच्या अभ्यासांत २ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत आकडे सापडतात. एवढा फरक पाहून विज्ञानावरचा विश्वास उडू देऊ नये. कोणी रक्तातील किंचित वाढही इजा म्हणून मोजली, कोणी फक्त स्पष्ट कावीळ मोजली. रुग्णही सगळीकडे सारखे नव्हते. आपल्या दृष्टीने दोन भारतीय आकडे अधिक बोलके आहेत. औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १२८८ रुग्णांची देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून २०१३ ते २०१८ या काळात नोंद केली. त्यांत ४६ टक्के रुग्णांना ती इजा क्षयाच्या औषधांनी झाली होती. दुसरा आकडा दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. यकृत अचानक निकामी झालेल्या १२२३ रुग्णांपैकी ७० जणांमध्ये क्षयाची औषधे हे एकमेव कारण होते. त्या सत्तरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मरण पावले.

म्हणजे क्षयाच्या बहुसंख्य रुग्णांना यकृताचा गंभीर त्रास होत नाही. ज्या थोड्यांना होतो, त्यांच्या बाबतीत मात्र औषध कोणत्या दिवशी थांबवले यावर बरेच अवलंबून असते. मळमळ, अन्नावरची वासना उडणे, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणे, विलक्षण थकवा ही लक्षणे पुष्कळदा कावीळ दिसण्याच्या आधी काही दिवस येतात. तेवढे दिवस हातात असतात. पाथर्डीच्या त्या बाईंना हे दिवस मिळाले होते आणि ते आपण शिकवलेल्या वाक्याने खाल्ले.

रुग्णाला गोळ्यांबरोबर आणखी एक सूचना हमखास मिळते : लघवी लाल झाली तर घाबरू नका. हेही खरे आणि हेही अर्धे. रिफाम्पिसिन स्वतःच तांबड्या-नारिंगी रंगाचे आहे. गोळी घेतल्यावर काही तासांत लघवी नारिंगी होते, घाम आणि अश्रूंनाही छटा येते. काही रुग्ण यालाच कावीळ समजून गोळ्या सोडतात, म्हणून ही सूचना द्यावीच लागते. पण कावीळ होते तेव्हाही लघवीचा रंग बदलतो. ज्याला 'लाल लघवी चालते' एवढेच सांगितले आहे, तो खऱ्या काविळीच्या गडद लघवीकडेही दुर्लक्ष करणार. फरक ओळखता येतो. औषधाचा रंग पहिल्या दिवसापासून दिसतो, गोळी घेतल्यावर गडद असतो, पुढच्या खेपांना फिका होतो, आणि माणसाला त्यासोबत काही वाटत नाही. काविळीत लघवी काळ्या चहासारखी होते, दिवसभर तशीच राहते आणि भूक आधीच गेलेली असते. शंका आली तर उन्हात उभे करून डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. रिफाम्पिसिनने तो पिवळा होत नाही. कोपीत कंदिलाच्या किंवा पिवळ्या दिव्याच्या उजेडात हे समजत नाही, दिवसाच पाहिले पाहिजे.

आता या टीकेवर येणारा आक्षेप. आरोग्य खात्यात काम केलेल्या माझ्या एका मित्राने तो स्पष्टच मांडला : "दुष्परिणाम सांगितले की लोक गोळ्या सोडतात. तुम्ही शंभरांतल्या दोघांना वाचवायला जाल आणि वीस जण अर्ध्यावर पळतील." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्धवट उपचार घेणारा माणूस स्वतः मरू शकतो आणि घरच्यांनाही रोग देऊ शकतो. तरीही मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण एका जुन्या घटनेत आहे.

आयसोनियाझिड वापरात आले १९५२ मध्ये. पुढची अठरा वर्षे ते जवळजवळ निर्धोक समजले जाई. कोणाला कावीळ झालीच तर ती विषाणूने झाली असावी असे धरले जाई. १९७० मध्ये अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे, संसद जेथे आहे त्या कॅपिटल हिल भागातील सरकारी कर्मचाऱ्यांत क्षयाचे रुग्ण आढळले. प्रतिबंध म्हणून २३२१ जणांना आयसोनियाझिड सुरू केले. त्यांपैकी १९ जणांना यकृताचा आजार झाला आणि दोघे दगावले. ही माणसे आजारी नव्हती, धडधाकट होती, आणि संसदेच्या आवारातली होती. त्यामुळे विषाणूवर ढकलून मोकळे होणे शक्य नव्हते. (एखाद्या दूरच्या खेड्यात हेच घडले असते तर किती वर्षांनी कळले असते?) त्यानंतर त्यांनी औषध मागे घेतले नाही आणि बातमी दडपलीही नाही. दर महिन्याला रुग्णाला बोलावून लक्षणे विचारण्याची आणि त्रास झाल्यास औषध थांबवून लगेच येण्याचे बजावण्याची पद्धत पडली. आयसोनियाझिड आजही जगभर वापरात आहे.

माझ्या मित्राच्या हिशोबात एक खाना रिकामा राहतो. उलट्या होत आहेत आणि का होत आहेत हे कोणी सांगितलेले नाही, म्हणून गुपचूप गोळ्या सोडणारे लोक त्यात धरलेले नाहीत. तेही पळालेलेच असतात, फक्त आपण त्यांना 'बेजबाबदार' या सदरात टाकतो. आणि आता हा प्रश्न केवळ रुग्णांपुरता उरलेला नाही. क्षयरुग्णाच्या घरातील निरोगी माणसांनाही प्रतिबंधक उपचार देण्याचे धोरण आपल्याकडे आले आहे आणि त्यातही आयसोनियाझिड असते. आजारी माणूस एक वेळ त्रास सोसेल. धडधाकट माणसाला अर्धी माहिती देणे अधिक अवघड जाईल.

दुसऱ्या टोकाच्या चुकाही होतात, त्यांची दखल घेतली नाही तर हा लेखही अर्धाच राहील. आयसोनियाझिड घेणाऱ्या सुमारे दहा ते वीस टक्के लोकांच्या रक्तात एस.जी.पी.टी. हे विकर काही काळ थोडे वाढते आणि औषध चालू असतानाच आपोआप खाली येते. यकृत जुळवून घेते. अशा वेळी अहवालातला ठळक अक्षरांतला आकडा पाहून घाईने सगळी औषधे बंद करणे ही चूक आहे. लक्षणे असतील तर नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट, लक्षणे नसतील तर पाचपट, अशी औषध थांबवण्याची सर्वसाधारण सीमा डॉक्टर पाळतात. नुसती किंचित मळमळ असेल तर गोळ्या हलक्या खाण्याबरोबर घेऊन ती पुष्कळदा जाते. ती गेली नाही किंवा वाढली, तर मात्र दाखवलेच पाहिजे.

आणि मग माळ. मंत्रलेल्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात, ती लांबत लांबत पोटापर्यंत येते आणि कावीळ 'उतरते'. गाठी सैल बांधलेल्या असतात आणि काड्या सुकल्या की माळ लांबते. ती कावीळ नसलेल्या माणसाच्या डोक्यावरही तेवढीच लांबते. चुन्याच्या निवळीने हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवतात, तेथे आंब्याच्या सालीचा रस आधी चोळलेला असतो. शिक्षकांनी हे दोन्ही प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावेत. माळ स्वतः यकृताला काही करत नाही. विषाणूने झालेली साधी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. पण औषधाने झालेल्या काविळीत माळ घालून गोळ्या चालू ठेवल्या तर प्रत्येक दिवस घातक. माळेपेक्षाही मला काळजी वाटते ती 'लिव्हरसाठी' म्हणून दिल्या जाणाऱ्या काढ्यांची आणि पुड्यांची. वर सांगितलेल्या १२८८ रुग्णांच्या नोंदीत जवळजवळ १४ टक्के जणांच्या यकृताला इजा झाली होती ती जडीबुटी व पर्यायी औषधांनी.

मुळात औषध थांबवणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे, हेच आपण शिकवलेले नाही. कावीळ आढळली की डॉक्टर तिन्ही संशयित औषधे बंद करतात. क्षय गंभीर असेल तर यकृताला न दुखावणारी दुसरी औषधे तात्पुरती देतात. रक्त पूर्ववत झाले की एकेक औषध परत सुरू करतात, बहुधा आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड, आणि दर टप्प्याला रक्त तपासतात. कोणते औषध बाधले ते यातून कळते. बहुतेक रुग्ण अशा रीतीने उपचार पुरा करतात, थोडा वेळ अधिक लागतो. कावीळ विषाणूने झाली असेल तर तेही तपासणीत कळते. पाटाचे नाही तर विहिरीचे पाणी पिणाऱ्या तोडकऱ्यांत ती शक्यता असतेच. पण ते कळेपर्यंत गोळी घेऊ नये.

यासाठी रुग्णाला विचारणारे कोणीतरी माणूस लागते, आणि येथे अडचण खरी आहे. १९९७ पासून देशभर पसरलेल्या डॉट्स पद्धतीत कोणीतरी समोर उभे राहून गोळ्या गिळायला लावत असे. रुग्णाला ते जाचक वाटे, पण रोज किंवा दिवसाआड कोणी त्याचे तोंड तरी पाहत असे. २०१७ पासून रोजच्या गोळ्या आल्या. त्याच सुमारास, पाकिटावर गोळीखाली लपवलेल्या क्रमांकावर रुग्णाने फोनची नुसती घंटा द्यायची, अशीही पद्धत आली. गोळी पाकिटातून निघाली, एवढे त्या घंटेवरून कळते. पोटात ठरली की नाही हे घंटा विचारत नाही. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे जवळजवळ क्षयाच्या उपचाराइतकाच लांब. पाथर्डी-शेवगावकडे निदान झालेली बाई पहिले दोन महिने, म्हणजे यकृताला सर्वाधिक धोक्याचा काळ, परक्या तालुक्यातील फडात काढते. निक्षय या संगणकीय नोंदीमुळे तिची औषधे दुसऱ्या केंद्रातून मिळू शकतात, ही सोय चांगली आहे. पण उलट्या होतात म्हणून एक दिवस दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो आणि मुकादमाची उचल अंगावर असते. अशा बाईला नुसते वाक्य ऐकवून भागत नाही, हे मलाही कळते.

याच जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या प्रयोगाचे कौतुक आपण भाषणांत पुष्कळ करतो. मला त्यातली एकच गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. शेजारच्या बाईला 'कालपासून जेवली का नाहीस?' असे सहज विचारू शकणाऱ्या बाईवर त्यांनी भरवसा ठेवला. असा प्रश्न भिंतीला विचारता येत नाही. शाळेतल्या मुलीला येतो. पाथर्डीच्या त्या मुलीने तर आईचे दुखणे जवळून पाहिले होते आणि उपायही सांगितला होता. तिला विचारायचे काय, हे आपण दिले नव्हते. सरांनी मला विचारले, तिला आता काय सांगू? मी म्हटले, तिला औषधाचा हा सगळा प्रवास शिकवा, आणि वाक्य अपुरे होते, तू नव्हतीस, हे आधी सांगा.

मग वाक्य कसे असावे? 'टीबी हारेगा, देश जीतेगा' यासारखी घोषणा गाता येते, पण तिच्यात रुग्णाने काय करावे ते नाही. मी असे सुचवते : "बरे वाटले म्हणून औषधे बंद करू नका. डोळे पिवळे झाले, किंवा उलट्या थांबत नसतील आणि जेवण जात नसेल, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. उपचार पुन्हा सुरू करता येतात." शेजारी निक्षय संपर्कचा मोफत दूरध्वनी क्रमांक, १८००-११-६६६६. पहिल्या वाक्यातले 'बरे वाटले म्हणून' हे तीन शब्द मला सर्वांत आवश्यक वाटतात. औषध का सोडायचे नाही आणि केव्हा सोडायचे, यांतला सगळा फरक त्यांत येतो. रुग्णाला ते समजणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. उचल, खाडा आणि टनामागचे पैसे यांचा तोंडी हिशोब ठेवणारा माणूस तीन वाक्ये लक्षात ठेवू शकतो.

एवढा मजकूर भिंतीवर मावणार नाही, असे सरांना वाटले. निघताना आम्ही दोघांनी पुन्हा जाऊन पाहिले. शेवटच्या ओळीखाली हातभर जागा मोकळी आहे.